बायबलची बांधणी आणि चामड्याची पारख

इंग्लंडच्या उत्तर भागांत डरहॅम नांवाचें एक जुनें धर्मक्षेत्र आहे. इ. स. ११०४ सालीं तेथील नव्या मंदिरांत संत कथबर्ट याची शवपेटी विधिपूर्वक हलविण्यांत आली. लिंडिस्फार्न बेटावरील मठाचा हा सत्पुरुष इ. स. ६८७ सालीं निवर्तला होता. पुढें समुद्रमार्गें येणाऱ्या लुटारूंच्या भयानें मठवासीयांनीं बेट सोडलें आणि ही पेटी बरोबर घेऊन ते पुष्कळ वर्षें ठिकठिकाणीं फिरले. इतका प्रवास केलेली ती पेटी उघडली तेव्हां तींत एक चिमुकलें पुस्तक मिळालें. उंची सुमारें साडेपांच इंच, रुंदी साडेतीन इंच, भाषा लॅटिन, विषय योहानाचें शुभवर्तमान. बर्च झाडाच्या पातळ फळ्यांवर बकऱ्याचें तांबडें कातडें चढवून त्यावर वेलीची उठावदार नक्षी काढलेली होती.

हें पुस्तक आजहि अस्तित्वांत आहे. त्याची शिवण मूळचीच आहे, फळ्या मूळच्याच आहेत आणि कातड्याचा तांबडा रंगहि ओळखूं येतो. युरोपांत आपल्या मूळ बांधणीसह अखंड उरलेलें हें सर्वांत जुनें पुस्तक समजलें जातें. ब्रिटिश लायब्ररीनें २०१२ सालीं तें ९० लक्ष पौंडांस विकत घेतलें.

याच्या अगदीं उलट चित्र इ. स. १९०० च्या सुमारास इंग्लंडांतील मोठमोठ्या ग्रंथालयांत दिसत होतें. कपाटांतून चामडी बांधणीचा ग्रंथ काढावा, तों हाताला तांबूस भुकटी लागावी. पुठ्ठा हातांत यावा आणि पानें कपाटांतच राहावीं! हे ग्रंथ कांहीं फार जुने नव्हते. पांचशें वर्षांपूर्वींचे ग्रंथ धडधाकट होते आणि नव्यानें बांधलेल्यांपैकीं कांहींचीं कातडीं दहा वर्षांत, क्वचित् पांचच वर्षांत कुजूं लागलीं होतीं. ज्या काळांत आगगाडी आली, तारायंत्र आलें, त्याच काळांत चांगलें पुस्तक बांधण्याची जुनी विद्या मात्र मागें पडली. असें कां झालें, आणि त्यापासून पुस्तक घेणाऱ्यानें काय शिकावें, हें पाहण्यास बायबलइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं.

बायबल हा ग्रंथ बांधणाऱ्याची खरी कसोटी पाहतो. प्रॉटेस्टंट पंथाच्या परंपरेंत त्यांत सहासष्ट पुस्तकें एकत्र येतात. म्हणजे ग्रंथ जाड होतो. कादंबरी एकदां वाचून ठेवून देतात, कोश अडल्या वेळीं उघडतात. पण बायबल श्रद्धाळू घरांत रोज उघडतें, आणि तेंहि आज आरंभीं, उद्यां मध्यें, परवां शेवटीं. त्यामुळें पाठीवरचा ताण एका जागीं राहत नाहीं. शिवाय हा ग्रंथ बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जावा, अशी घेणाऱ्याची इच्छा असते.

इंग्लंड-अमेरिकेंत या ग्रंथाला आणखी एक महत्त्व होतें. घरच्या मोठ्या बायबलांत, पुष्कळदां जुना करार व नवा करार यांच्या मध्यें, कांहीं कोरीं पानें राखलेलीं असत. त्यांवर कुटुंबांतील जन्म, विवाह व मृत्यु यांच्या तिथि लिहून ठेवीत. इंग्लंडांत जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं देवळांतील वह्या आणि घरचें बायबल हाच आधार. अमेरिकेंत स्वातंत्र्ययुद्धांत लढलेल्या सैनिकांच्या विधवांना १८३६ सालच्या कायद्यानें निवृत्तिवेतनाचा हक्क सांगतां येऊं लागला, पण त्यासाठीं विवाह केव्हां झाला याचा पुरावा पाहिजे होता. गरीब खेडुत स्त्रियांजवळ दुसरा कागद कोठला? अनेकींनीं घरच्या बायबलांतील तें पान काढून अर्जासोबत पाठवून दिलें. तीं पानें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत अद्यापि जपून ठेविलेलीं आहेत. ज्या घरांतील ग्रंथाची शिवण आधींच सुटून तें पान हरवलें असेल, तेथील विधवेच्या हातीं काय राहिलें असेल, याची कल्पना करवते. बांधणीची मजबुती हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हता.

जुन्या बांधणीची रीत थोडक्यांत अशी. कागद किंवा चर्मपत्र यांच्या घड्या घालून जुड्या करावयाच्या. प्रत्येक जुडी मधल्या घडींतून दोऱ्यानें शिवावयाची. हाच दोरा पाठीवर आडव्या ठेवलेल्या जाड दोऱ्यांना किंवा कातडी वाद्यांना वेढा देऊन पुढें न्यावयाचा. त्या वाद्यांचीं टोकें दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्यांत भोकें पाडून ओंवावयाचीं आणि खुंट्या ठोकून पक्कीं करावयाचीं. एवढें झाल्यावर वरून कातडें. म्हणजे ग्रंथ धरून ठेवण्याचें काम दोरा आणि वादी करीत. कातड्यानें त्यांना झांकावयाचें आणि सांध्याशीं थोडा हात द्यावयाचा. जुन्या ग्रंथांच्या पाठीवर ज्या उंच आडव्या पट्ट्या दिसतात, त्या शोभेकरितां केलेल्या नसून आंतल्या वाद्यांच्याच खुणा असतात. कातडेंहि जाड, बकऱ्याचें, वासराचें किंवा डुकराचें. कधीं झाडाच्या सालींत महिनेच्या महिने मुरविलेलें, तर कधीं तुरटीनें कमावून पांढरें केलेलें.

त्या काळीं गिऱ्हाइकाचा आणि बांधणाऱ्याचा समोरासमोर संबंध येई. गुटेनबर्गनें इ. स. १४५५ च्या सुमारास मेंझ शहरांत आपलें प्रसिद्ध बायबल छापलें, तेव्हां त्याच्या सुमारें १८० प्रती सुट्या पानांच्या स्वरूपांतच विकल्या गेल्या. ज्यानें प्रत घेतली, त्यानें ती आपल्या गांवच्या कारागिराकडे नेली आणि आपल्या ऐपतीप्रमाणें बांधून घेतली. कातडें कोणतें, शिवण कशी, हें घेणाऱ्यास विचारावें लागे आणि बांधणाऱ्यास सांगावें लागे.

एकोणिसाव्या शतकांत हा संबंध तुटला. ग्रंथ कारखान्यांतून बांधून तयार येऊं लागले. १८०४ सालीं लंडनमध्यें ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाली. गरिबांतल्या गरिबासहि बायबल परवडावें, हा तिचा हेतु होता, आणि तो निःसंशय उदार होता. परंतु किंमत उतरवावयाची म्हणजे ती कोठून तरी काढली पाहिजे. कागद व छपाई यांचे दर ठरलेले. उरली ती बांधणी. पुस्तकांच्या घड्या घालणें आणि जुड्या शिवणें हें काम लंडनमध्यें स्त्रिया करीत. स्वस्त बायबलच्या कंत्राटांत त्यांना नगावर मिळणारी मजुरी इतकी उतरली कीं, १८४९ सालीं त्यांनीं काम थांबविलें आणि आपलें गाऱ्हाणें छापून लोकांपुढें मांडलें. धर्मग्रंथ स्वस्त करण्यासाठीं तो शिवणारीनें उपाशी राहावें काय, असा त्या गाऱ्हाण्याचा आशय होता. पुस्तकाचा जो भाग गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नाहीं, त्यावरच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम चालते, हें येथें स्पष्ट दिसतें.

दृष्टीस पडणारा भाग मात्र अधिकाधिक झगझगीत होत गेला. बांधणाऱ्यांनीं पाठीला करवतीनें खांचा पाडून वाद्या आंत दडविण्याची युक्ति काढली. त्यामुळें काम लवकर होऊं लागलें, पण पाठ कमकुवत झाली. तरीहि गिऱ्हाइकाला जुन्या ग्रंथांच्या त्या उंच पट्ट्या हव्याच होत्या. म्हणून सपाट पाठीवर खोट्या पट्ट्या चिकटवून वरून कातडें ओढण्यांत येऊं लागलें. बकऱ्याच्या कातड्याला जो नैसर्गिक दाणा असतो, तो महाग. तेव्हां मेंढीच्या मऊ, दुबळ्या कातड्यावर ठसा दाबून तोच दाणा उठवूं लागले आणि त्यास ‘मोरोक्को’ म्हणूं लागले. जाड कातडें वळवावयास कठीण जातें, म्हणून तें तासून तासून कागदासारखें पातळ केलें. तासतांना त्यांतील बळकट तंतूच निघून गेले. सर्वत्र एकसारखा चमकदार रंग यावा म्हणून रंगाच्या हौदांत गंधकाम्ल घालूं लागले. ग्रंथ दुकानांत असे तोंपर्यंत तो अत्यंत देखणा दिसे. आम्ल आपलें काम पुढें घरीं करी.

या दुखण्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष तसें पूर्वींच गेलें होतें. लंडनच्या अथेनियम क्लबांतील चामडें खराब होऊं लागलें तेव्हां १८४३ सालीं मायकेल फॅराडे यानें त्याचा दोष गॅसच्या दिव्यांना दिला. गॅस जळतांना गंधकाचे वायु निघतात, ते चामडें शोषून घेतें आणि त्यांचें आम्ल बनतें. परंतु ज्या ग्रंथालयांत गॅस कधींच लावला नव्हता तेथेंहि नवीं कातडीं कुजत होतीं. तेव्हां कारण एवढेंच नव्हतें.

अखेर १९०० सालीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्टस् या संस्थेनें एक समिति नेमली. तींत ग्रंथपाल होते, कातडें कमावण्याचे शास्त्रज्ञ होते आणि नामांकित बांधणीकारहि होते. समितीच्या एका शाखेनें ग्रंथालयें फिरून वेगवेगळ्या शतकांतील बांधण्या पाहिल्या. दुसरीनें प्रयोगशाळेंत कातड्यांची परीक्षा केली. १९०१ सालीं पहिला अहवाल आला आणि १९०५ सालीं संपूर्ण वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

त्यांत मुख्य गोष्ट निघाली ती ही कीं, कातडें कशानें कमावलें यावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें. झाडांच्या सालींत, पानांत व फळांत जें तुरट द्रव्य असतें, त्याचे रसायनशास्त्रदृष्ट्या दोन मोठे वर्ग पडतात. एका वर्गांत भूमध्य समुद्राकडील सुमाक नांवाच्या झुडपाचीं पानें, मायफळ आणि हिरडा हीं येतात. दुसऱ्या वर्गांत दक्षिण अमेरिकेंतील क्वेब्राचो आणि इतर पुष्कळ साली येतात. दुसऱ्या वर्गानें कमावलेलें कातडें उजेड आणि आम्ल यांपुढें लवकर हार खातें, लाल पडतें आणि शेवटीं त्याची भुकटी होते. सुमाकनें कमावलेलें बकऱ्याचें कातडें ग्रंथांसाठीं सर्वांत विश्वासू ठरलें.

येथें महाराष्ट्रीय वाचकास एक ओळखीचें नांव भेटतें. समितीनें ज्या कातड्यांस ग्रंथांसाठीं अत्यंत वाईट ठरविलें, तीं लंडनच्या बाजारांत ‘ईस्ट इंडिया’ किंवा ‘पर्शियन’ या नांवानें विकलीं जात. इराणाशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. तीं मद्रास इलाख्यांतून येत, आणि तेथें त्यांना कमावीत तरवडाच्या सालीनें. देशावरच्या माळरानांत पिवळ्या फुलांनीं डंवरलेलें जें झुडूप वाटेच्या कडेला दिसतें, तेंच हें तरवड. इंग्रजी लेखनांत त्याचें ‘तुरवर’ झालें. कमावणाऱ्यांचा यांत अपराध नव्हता. तरवडाचें कातडें मऊ, फिकट रंगाचें आणि स्वस्त. जोडे, अस्तरें व पिशव्या यांस तें चांगलें उपयोगीं पडे. जोडा दोन वर्षें टिकला म्हणजे त्याचें सार्थक झालें. परंतु दोनशें वर्षें टिकावयाच्या ग्रंथावर तेंच कातडें चढविणें ही चूक लंडनमध्यें झाली, आणि ती स्वस्ताईच्या मोहानें झाली. गंमत अशी कीं, चांगल्या वर्गांतला हिरडाहि सह्याद्रीच्या रानांतलाच. मुंबई बंदरांतून तो इंग्लंडास जात असे. एकाच देशानें दोन्ही पदार्थ पुरविले. कोणता कशासाठीं, एवढें घेणाऱ्यानें पाहावयाचें होतें.

समितीनें एकट्या कातडेवाल्यांस दोष दिला नाहीं. अति तासणारे व खांचा पाडणारे बांधणीकार, गॅसच्या दिव्यांखालीं व भर उन्हाच्या खिडकीशीं ग्रंथ ठेवणारे ग्रंथपाल, यांच्या पदरींहि तिनें त्यांचा त्यांचा वांटा घातला. उजेडाविषयीं तिनें एक उपयुक्त सूचना केली: खिडक्यांना पिवळसर किंवा हिरवट कांच लावली तर कातड्याचें पुष्कळ रक्षण होतें. हवेचा परिणाम पुढें एका दीर्घ प्रयोगानें सिद्ध झाला. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभीं वेगवेगळ्या कातड्यांत बांधलेल्या ग्रंथांचे सारखे संच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आणि वेल्समधील ॲबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत ठेवण्यांत आले. कित्येक दशकांनंतर तपासतां, समुद्रकांठच्या स्वच्छ हवेंतील ग्रंथ पुष्कळ चांगले राहिले आणि लंडनच्या धुरकट हवेंतील त्यांचेच जोडीदार कुजले, असें आढळलें.

या समितीवर दोन कारागीर होते, त्यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. पहिला टी. जे. कॉब्डन-सँडरसन. हा मूळचा बॅरिस्टर. चाळिशी उलटल्यावर त्यानें वकिली सोडून हातानें पुस्तकें बांधण्यास आरंभ केला आणि १८९३ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांत ‘डव्हज बाइंडरी’ हें आपलें कामघर काढलें. दुसरा त्याचाच शिष्य डग्लस कॉकरेल. १९०१ सालीं त्यानें पुस्तकबांधणीवर जो ग्रंथ लिहिला, तो पुढें या धंद्यांतील पाठ्यग्रंथ झाला. जुन्या रीतीची शिवण, खऱ्या वाद्या, पुरेशा जाडीचें व नीट कमावलेलें कातडें, यांचाच त्यानें जन्मभर आग्रह धरला.

या आग्रहाची परीक्षा त्याच्या म्हातारपणीं झाली. चौथ्या शतकांत चर्मपत्रावर ग्रीक भाषेंत लिहिलेलें बायबल, जें ‘कोडेक्स सिनाइटिकस’ या नांवानें विख्यात आहे, त्याची मोठी प्रत रशियांत होती. १९३३ सालीं सोव्हिएट सरकारनें ती विकावयास काढली आणि एक लक्ष पौंडांस ती ब्रिटिश म्युझियमसाठीं घेण्यांत आली. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम सामान्य लोकांनीं वर्गणीनें भरली. आणि तीं वर्षें बेकारीचीं व ओढगस्तीचीं होतीं! आलेलीं ३४७ पानें सोळाशें वर्षांचीं. तीं कोणाच्या हातीं द्यावयाचीं? तें काम कॉकरेलकडे आलें. १९३५ सालीं त्यानें तीं दोन खंडांत बांधून दिलीं. तरुणपणीं ज्यानें कुजलेलीं कातडीं तपासलीं, त्याच्याच हातीं जगांतील अत्यंत प्राचीन बायबलांपैकीं एक सोंपविलें गेलें. खोट्या पट्ट्या आणि दाबलेले दाणे यांच्या काळांत त्यानें न दिसणाऱ्या कामाचें व्रत सोडलें नव्हतें, त्याचें हें फळ होय.

घरगुती बायबलच्या बाबतींत मात्र या इतिहासाला आणखी एक वळण मिळालें. १८७५ सालीं ऑक्सफर्डच्या मुद्रणालयानें अत्यंत पातळ पण अपारदर्शक अशा ‘इंडिया पेपर’ कागदावर बायबल काढलें आणि वीतभर जाडीचा ग्रंथ खिशांत मावूं लागला. त्यापूर्वींच, १८६० च्या सुमारास, यॅप नांवाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यानें खिशांतील बायबलसाठीं मऊ चामड्याची, कडा बाहेर वळलेली बांधणी प्रचारांत आणली होती. ती अद्यापि त्याच्याच नांवानें ओळखली जाते. अशा ग्रंथांत लाकडी फळ्या नाहींत, उंच वाद्या नाहींत. सारा भार शिवणीवर आणि कातड्याच्या लवचिकपणावर. कागद जितका पातळ तितकी शिवण अधिक महत्त्वाची, कारण नुसता डिंक अशीं हजार-दीड हजार पानें फार दिवस धरून ठेवूं शकत नाहीं.

आजच्या बाजारांतहि हा इतिहास निराळ्या नांवांनीं चालूच आहे. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणून जें मिळतें, तें चामड्याच्या कातरणांचा चुरा चिकट द्रव्यांत मिसळून केलेलें पत्र असतें. वर दाणा दाबलेला असतो आणि वास चामड्याचा येतो, पण अखंड तंतु नसल्यामुळें तें सांध्याशीं लवकर चिरतें. ‘अस्सल चामडें’ एवढेंच लिहिलेलें असेल तर तें बहुधा डुकराचें, पातळ केलेलें कातडें असतें. वासराचें किंवा बकऱ्याचें असेल तर विकणारा तसें आवर्जून सांगतो, आणि किंमतहि सांगते.

म्हणून चामडी बांधणीचें बायबल घेणाऱ्यानें सोनेरी अक्षरांकडे शेवटीं पाहावें. आधीं पाठ वरच्या टोकाकडून पाहावी: जुड्यांच्या गोलसर घड्या वेगवेगळ्या दिसल्या तर ग्रंथ शिवलेला असण्याचा संभव आहे, सपाट कापलेली कड आणि डिंकाचा थर दिसला तर तो केवळ चिकटविलेला आहे. मग एखाद्या जुडीच्या मध्यावर उघडून दोरा दिसतो का तें पाहावें. ग्रंथ मेजावर ठेवून उत्पत्तीचें पहिलें पान उघडावें, मग शेवटचें. पानें जवळजवळ सपाट राहिलीं आणि आपोआप मिटलीं नाहींत, तर सांधा चांगला. कातडें हातानें हळूच वांकवून पाहावें. वळीशीं रंग फिका पडून चिरा दिसूं लागल्या तर तो केवळ वरचा लेप समजावा. आणि घरीं आणल्यावर ग्रंथ उन्हांत, ओलींत किंवा चुलीच्या धुरांत ठेवूं नये, म्हणजे कारागिराच्या कष्टांचें चीज होईल.

एवढें पाहणारें गिऱ्हाईक भेटलें म्हणजे शिवणारीला मजुरीहि नीट मिळते आणि कातडें कमावणाऱ्यास घाई करावी लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत असें विचारणारा कोणी राहिला नाहीं, म्हणून बांधणी बिघडली. डरहॅमच्या त्या पेटींतील पुस्तक ज्यानें बांधलें त्याचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं. फळीआड दडलेली त्याची गांठ कोणी पाहील, असें त्यास वाटण्याचें कारणहि नव्हतें. ती गांठ त्यानें नीट मारली होती, आणि तेराशें वर्षांनंतर पुस्तक तिच्याच जोरावर उघडतें व मिटतें.